पाहिलेला प्रकाश विसरण्याचे काम: दृष्टिपटलातील प्रथिनांविषयी

मृगनक्षत्र (धागाकर्ती)

गेली सात वर्षे मी हिवाळ्यातल्या अमावास्यांना वांगणीला आकाशदर्शनासाठी जाते. तिथे नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दहा मिनिटांतच दोन सूचना मिळतात: विजेरीला लाल जिलेटीनचा कागद लावा, आणि मोबाइल खिशातून बाहेर काढू नका. गेल्या खेपेस आजोबांबरोबर आलेल्या दहावीतल्या एका मुलीने मला विचारले, की अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि उजेडाला मात्र मिनिटभरही लागत नाही, हे असे एकतर्फी का? ‘बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो’ असे सांगून मी मोकळी झाले. परतताना लोकलमध्ये हिशेब मांडला तेव्हा ते उत्तर चुकीचे असल्याचे लक्षात आले.

हिशेब साधा आहे. बाहुलीचा व्यास फार तर २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे क्षेत्रफळ १६ पट होते, आणि तेवढे व्हायला फारसा वेळही लागत नाही. उलट पूर्ण अंधारात अर्धा तास बसल्यावर डोळ्याची संवेदनक्षमता लाखपट किंवा त्याहूनही जास्त वाढते. सोळा आणि लाख यांच्यामधले जे अंतर आहे ते सगळे दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या आत, पेशींमधील प्रथिनांच्या पातळीवर घडते. त्यानंतरचे दोन आठवडे मी याविषयी वाचत होते. वाचलेले इथे मांडते आहे. या विषयात काम करणाऱ्यांनी चुका दाखवाव्यात.

आपल्या प्रत्येक दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. रात्रीची नजर ही दंडपेशींची. दंडपेशीच्या बाह्य टोकात नाण्यांची चळत रचावी तशा सुमारे हजार चकत्या एकावर एक असतात, आणि त्यांच्या पटलात रोडॉप्सिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. एका पेशीत त्याचे साधारण दहा कोटी रेणू सापडतात. रोडॉप्सिनचे दोन भाग: ऑप्सिन ही पटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी, आणि तिच्या कुशीत बसलेला, जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला, वाकडा रेणू म्हणजे रेटिनल. त्यावर प्रकाशकण पडला की हा वाकडा रेणू सरळ होतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या पाचव्या हिश्श्यात हे घडून जाते. पाहण्याच्या साऱ्या क्रियेत प्रकाशाने स्वतः केलेले काम एवढेच. यापुढचे सगळे प्रथिने करतात.

यापुढे जे आहे ते मला सर्वांत चमत्कारिक वाटले. अंधारात दंडपेशी स्वस्थ नसते, ती ‘चालू’ असते. तिच्या पटलातील आयन वाहिन्यांची दारे चक्रीय जीएमपी नावाच्या लहान रेणूने, दाराला पाचर लावावी तशी, उघडी धरलेली असतात आणि त्यांतून सोडियम व कॅल्शियम सतत आत वाहत असतात. प्रकाशाने बदललेले रोडॉप्सिन ट्रान्सड्युसिन या जी-प्रथिनाला जागे करते, ट्रान्सड्युसिन फॉस्फोडायएस्टरेज या विकराला मोकळे सोडते, आणि ते विकर या पाचरी भराभर मोडून टाकते. दारे मिटतात, पेशीचा विद्युतदाब सुमारे उणे ४० मिलिव्होल्टवरून उणे ७० मिलिव्होल्टच्या दिशेने घसरतो, आणि पुढच्या पेशीकडे अखंड झिरपणारे ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन कमी होते. म्हणजे ‘उजेड आहे’ ही बातमी मेंदूकडे जाते ती एक चालू प्रवाह थांबल्याची बातमी म्हणून.

ही व्यवस्था किती नाजूक आहे ते १९४२ साली हेश्ट, श्लेर आणि पिरेन या तिघांनी मोजले. अंधाराला सरावलेल्या माणसाला क्षीण चमक दिसण्यासाठी डोळ्यावर ५४ ते १४८ प्रकाशकण पडणे पुरेसे होते, आणि त्यांपैकी दंडपेशींनी प्रत्यक्ष शोषलेले कण होते केवळ ५ ते १४. पुढे १९७९ साली बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी भेकाची एकेक दंडपेशी काचेच्या सूक्ष्म नळीत ओढून घेऊन एका प्रकाशकणाचा विद्युत प्रतिसाद प्रत्यक्ष नोंदवला.

माझी अडचण इथून पुढची आहे. एका कणाने पेटणारी ही साखळी विझते कशी, आणि विझायला कधी क्षणभर, तर कधी अर्धा तास का लागतो?

---

शंकासुर

धागा आवडला, परंतु बाहुलीला तुम्ही फार लवकर मोडीत काढले आहे असे मला वाटते. सोळा पट हा आकडा लहान नाही. तसेच वयोमानानुसार बाहुली अंधारातही पुरेशी मोठी होत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री कमी दिसते, हा अनुभव घरोघरी आहे. तेव्हा प्रथिनांचा वाटा मोठा आहे हे गणिताने दाखवले तरी अनुभवाने कसे दाखवणार?

दुसरी शंका अशी, की इतकी संवेदनशील यंत्रणा बनवल्यावर ती विझवण्याची एवढी घाई निसर्गाला का असावी? एका कणाचा संकेत थोडा जास्त वेळ टिकला तर अंधारात अधिकच चांगले दिसायला हवे.

---

मृगनक्षत्र

पहिल्या शंकेचे उत्तर घरी करून पाहता येईल. एका डोळ्यावर उजेड टाकला तर दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदमच लहान होतात. नेत्रतज्ज्ञ ही गोष्ट रोज तपासतात. तेव्हा एक डोळा घट्ट झाकून उजेडात बसले, तर झाकलेल्या डोळ्याची बाहुलीही आकसलेलीच राहील. तरीही बाहेर अंधारात गेल्यावर झाकलेल्या डोळ्याला अधिक दिसले, तर त्या फरकाचे श्रेय बाहुलीला देता येणार नाही. पुढच्या अमावास्येला हा प्रयोग वेळ लावून करण्याचा विचार आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर मला नीट देता येणार नाही, ते जाणकारांवर सोडते.

---

पेशीसमूह

मी जीवरसायनशास्त्रात काम करतो आणि याच कुळातल्या प्रथिनांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मृगनक्षत्र यांनी मांडलेल्या साखळीत दुरुस्ती करण्यासारखे काही नाही; मात्र पाठ्यपुस्तके साखळी पेटण्यावर दहा पाने खर्च करतात आणि विझण्यावर एक परिच्छेद, हे प्रमाण उलटे हवे असे माझे मत आहे.

शंकासुर यांची दुसरी शंका आधी घेतो. संकेत लांबला तर संवेदनक्षमता वाढेल हे खरे, पण मग एका क्षणाचे चित्र पुढच्या क्षणाच्या चित्रावर सांडत राहील. डोळ्याला प्रकाश ‘किती’ आहे यापेक्षा तो ‘आत्ता’ किती आहे आणि मघापेक्षा किती बदलला, हे कळणे अधिक गरजेचे असते. त्यासाठी साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्रपणे मोडावी लागते, आणि प्रत्येक कडीला मोडणारे प्रथिन वेगळे असते.

पहिली कडी म्हणजे पेटलेले रोडॉप्सिन. रोडॉप्सिन कायनेज हे विकर त्याच्या शेपटीवर एकामागून एक फॉस्फेटचे गट डकवते. प्रत्येक गटागणिक रोडॉप्सिनचा जोर थोडा ओसरतो, आणि किमान तीन गट लागले की अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्याला असे काही कवटाळते, की ट्रान्सड्युसिनला जवळ यायला जागाच उरत नाही. उंदराच्या दंडपेशीत हा सगळा प्रकार सुमारे ४० मिलिसेकंदांत आटोपतो. इतक्या अवधीत एका रोडॉप्सिनने किती ट्रान्सड्युसिन जागे केले याविषयी जुनी पुस्तके शेकड्यांत बोलतात. उंदरांवरील अलीकडच्या मोजण्यांत हा आकडा दहा-वीसच्या घरात येतो.

या पायऱ्यापायऱ्यांच्या विझण्यामागे एक सुंदर कारण आहे. एकच रेणू जर एका फटक्यात, केव्हातरी योगायोगाने विझत असता, तर त्याचे आयुष्य कधी फार कमी आणि कधी फार जास्त भरले असते, आणि एका प्रकाशकणाचा प्रतिसाद दर वेळी वेगळ्या आकाराचा आला असता. प्रत्यक्षात हे प्रतिसाद एकमेकांशी आश्चर्यकारकरीत्या सारखे असतात. विझण्याचे काम अनेक पायऱ्यांत विभागले, की एका पायरीचा उशीर दुसऱ्या पायरीच्या घाईने भरून निघतो आणि एकूण वेळ जवळजवळ ठरावीक राहतो.

दुसरी कडी ट्रान्सड्युसिनची. हे प्रथिन स्वतःला विझवू शकते, पण अतिशय सावकाश. त्याला हाकलणारे प्रथिन म्हणजे आरजीएस-९, जे आर-९-एपी या दुसऱ्या प्रथिनाच्या आधाराने चकत्यांच्या पटलाला बांधलेले असते. उंदराच्या दंडपेशीचा प्रतिसाद ओसरायला लागणारा वेळ, सुमारे २०० मिलिसेकंद, मुख्यत्वे याच पायरीने ठरतो. जनुकीय बदल करून या जोडीचे प्रमाण वाढवले तेव्हा पेशी लक्षणीयरीत्या लवकर सावरू लागल्या, हे २००६ साली दाखवले गेले. शंकुपेशींत आरजीएस-९ दंडपेशींपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि त्यांच्या चपळाईचे हे एक कारण आहे.

तिसरी कडी म्हणजे मोडलेल्या पाचरी पुन्हा घडवणे, आणि इथे कॅल्शियमचा प्रवेश होतो. दारे उघडी असतात तेव्हा कॅल्शियम आत येत असते आणि एक वाहक प्रथिन त्याला सतत बाहेर उपसत असते. दारे मिटली, की येणे थांबते आणि उपसा चालूच राहतो, त्यामुळे आतले कॅल्शियम झपाट्याने घटते. ही घट पेशीसाठी ‘उजेड झाला आहे, आता सावरा’ अशी सूचना असते. अंधारात कॅल्शियमला चिकटून गप्प बसलेली जीकॅप ही प्रथिने कॅल्शियम सुटताच ग्वानिलेट सायक्लेज या विकराला डिवचतात आणि चक्रीय जीएमपी नव्याने वेगाने बनू लागते. त्याच वेळी, कॅल्शियमच्या जोरावर रोडॉप्सिन कायनेजला धरून ठेवणारे रिकव्हरिन त्याला मोकळे करते. ज्या दाराच्या मिटण्याने संकेत निर्माण झाला, त्याच दाराच्या मिटण्याने संकेत आवरण्याची तयारीही सुरू होते.

१९८८ साली दोन स्वतंत्र गटांनी उभयचर प्राण्यांच्या प्रकाशपेशींत कॅल्शियमची पातळी बाहेरून बांधून ठेवली, ती बदलूच दिली नाही. पार्श्वभूमीचा उजेड वाढवल्यावर एरवी जी पेशी आपली संवेदनक्षमता कमी करून जुळवून घेते, ती तसे करीनाशी झाली आणि लवकरच तिची क्षमता संपून गेली. खोलीतून अंगणात आल्यावर क्षणभर डोळे दिपतात आणि मग सगळे नेहमीसारखे दिसते, त्यामागे कॅल्शियमची ही घट मोठ्या प्रमाणात असते. दहावीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे, म्हणजे उजेडाला डोळे लवकर का सरावतात याचे, हे उत्तर आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचे कारण वेगळे आहे.

---

नेत्रांजन

पेशीसमूह यांनी ज्या पहिल्या दोन कड्या सांगितल्या, त्या तुटलेल्या असतात तेव्हा माणसाला काय होते हे मी नेत्रचिकित्सेच्या बाजूने सांगतो.

१९०७ साली जपानमध्ये ओगुची या नेत्रवैद्यांनी रातांधळेपणाचा एक निराळा प्रकार नोंदवला. या रुग्णांची दिवसाची नजर उत्तम असते, रंग नीट ओळखता येतात, आणि आजार वर्षानुवर्षे सहसा वाढत नाही. परंतु डोळ्याच्या मागच्या पडद्याला सोनेरी-पिवळसर झाक दिसते, आणि रुग्णाला दोन-तीन तास संपूर्ण अंधारात बसवून पुन्हा तपासले तर ती झाक नाहीशी झालेली असते! ही गोष्ट १९१३ मध्ये मिझुओ यांनी लक्षात आणून दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतक्या दीर्घ अंधारानंतर रुग्णाची दंडपेशींची नजरही बरीचशी परत येते. त्या वेळी दृष्टिपटलाचा विद्युत आलेख काढला, तर प्रकाशाच्या पहिल्या चमकेला जवळजवळ सामान्य प्रतिसाद मिळतो आणि लगेच दिलेल्या दुसऱ्या चमकेला काहीच मिळत नाही.

जवळजवळ नव्वद वर्षे हे कोडे होते. १९९५ साली जपानी रुग्णांत अरेस्टिनच्या जनुकात दोष सापडला, आणि १९९७ साली इतर काही रुग्णांत रोडॉप्सिन कायनेजच्या जनुकात. मग सगळे जुळले. या माणसांच्या दंडपेशींना प्रकाश दिसतो; त्यांना तो विसरता येत नाही. एकदा पेटलेले रोडॉप्सिन वेळेवर विझत नसल्यामुळे दिव्याखालून उठून अंधारात गेलेला माणूस, पेशींच्या हिशेबाने, कितीतरी वेळ उजेडातच वावरत असतो. शंकुपेशींजवळ त्यांचे स्वतःचे वेगळे कायनेज आणि वेगळे अरेस्टिनही असल्यामुळे दिवसाची नजर शाबूत राहते. हा आजार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतो, म्हणून आपल्याकडे मामेभाऊ-आतेबहिणींत लग्ने होणाऱ्या घरांत रातांधळेपणाची तक्रार आली की केवळ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन थांबू नये, अंधारात बसवून पुन्हा पाहावे, असे मी माझ्या कनिष्ठांना नेहमी सांगतो.

दुसरी कडी तुटण्याचे उदाहरण नेदरलँड्समधले आहे. तिथे १९९१ साली काही असे रुग्ण नोंदवले गेले, ज्यांना उजेड एकदम बदलला की काही क्षण दिसेनासे होई, मग तो अंधाऱ्या बोगद्यातून बाहेर पडण्याचा प्रसंग असो वा उन्हातून घरात शिरण्याचा. हलत्या वस्तू, विशेषतः खेळातला चेंडू, पाहणे त्यांना कठीण जाई. २००४ साली त्यांच्यात आरजीएस-९ किंवा त्याला पटलाशी बांधणाऱ्या आर-९-एपी या प्रथिनाचा दोष आढळला आणि या स्थितीला ब्रॅडिऑप्सिया, म्हणजे मंददृष्टी, असे नाव मिळाले. ‘संकेत थोडा जास्त टिकला तर काय बिघडले’ या शंकासुर यांच्या प्रश्नाचे उत्तर या रुग्णांना रोज मिळते. आपल्याकडे गल्लीत झेल सोडणाऱ्या मुलाला आंधळा म्हणून चिडवतात; अशा एखाद्या मुलाचे आरजीएस-९ तपासावे असे गमतीने वाटते, पण हा आजार अतिशय दुर्मीळ आहे.

---

चाळिशीचष्मा

वाचून बरेच काही नव्याने कळले. दोन प्रश्न विचारतो. लहानपणी आम्हाला गाजर आणि शेवग्याचा पाला ‘डोळ्यांसाठी’ म्हणून खाऊ घालत, त्याचा या साखळीत नेमका कुठे संबंध येतो? आणि माझे वय आता ६३ आहे. नाट्यगृहात दिवे गेल्यावर आसन क्रमांक शोधताना पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो, हे बाहुलीमुळे की प्रथिनांमुळे?

---

पेशीसमूह

चाळिशीचष्मा यांच्या प्रश्नातच मुलीच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग दडलेला आहे.

रेटिनल सरळ झाला की ते रोडॉप्सिन पुन्हा प्रकाश पकडण्याच्या कामाचा राहत नाही. काही वेळाने सरळ रेटिनल ऑप्सिनमधून बाहेर पडतो आणि मागे उरते रिकामे ऑप्सिन. दंडपेशीला हा रेणू स्वतः पुन्हा वाकवता येत नाही. तो आधी रेटिनॉलमध्ये बदलला जातो, मग पेशीबाहेर पडून शेजारच्या रंजकस्तरातील पेशींत जातो. तिथे त्याला मेदाम्ल जोडले जाते, आरपीई-६५ नावाचे विकर त्याला पुन्हा वाकवते, त्याचे पुन्हा रेटिनल केले जाते आणि मग तो उलट वाटेने दंडपेशीत येऊन रिकाम्या ऑप्सिनमध्ये बसतो. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर त्याला वाहून नेणारे किंवा सांभाळणारे वेगळे प्रथिन आहे. हा फेरा मिनिटांच्या हिशेबाने चालतो, मिलिसेकंदांच्या नव्हे. अंधाराला सरावण्याचा अर्धा तास मुख्यतः या फेऱ्याचा असतो.

पण एवढ्याने हिशेब पूर्ण जुळत नाही, आणि ही बाब मला फार रंजक वाटते. तीव्र उजेडाने दहा टक्के रोडॉप्सिन खर्ची पडले, तर संवेदनक्षमता दहा टक्के घटायला हवी. प्रत्यक्षात ती कितीतरी पटींनी घटते. याचे कारण असे, की रिकामे ऑप्सिन पूर्णपणे मुके नसते. ते ट्रान्सड्युसिनला अगदी क्षीणपणे का होईना चाळवत राहते, आणि अशी लाखो रिकामी ऑप्सिने मिळून पेशीच्या आत एक खोटा उजेड तेवत ठेवतात. आकाश काळे असते, पण दंडपेशीच्या लेखी संध्याकाळ अजून मावळलेली नसते. रेटिनल परत येऊन ऑप्सिनमध्ये बसला, की ते ऑप्सिन गप्प होते आणि तो खोटा उजेड एकेका रेणूने मालवत जातो. म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनलेला हा रेणू प्रकाश पकडण्याचे काम करतोच, शिवाय प्रकाश नसताना ऑप्सिनला गप्प बसवण्याचे कामही करतो. ते मौन किती पक्के असते पाहा: माकडाच्या दंडपेशीवरील मोजण्यांवरून काढलेल्या हिशेबाने, रोडॉप्सिनचा एखादा रेणू अंधारात आपोआप चाळवला जाण्याचा अर्धायुकाल सुमारे ४२० वर्षे येतो. एवढी स्थिरता नसती, तर दहा कोटी रेणूंच्या गर्दीत एका खऱ्या प्रकाशकणाची चाहूल कुणाला लागली असती?

याखेरीज आणखी एक उशीर आहे. भर उजेडात ट्रान्सड्युसिन दंडपेशीच्या बाह्य टोकातून उठून आतल्या भागात निघून जाते आणि अरेस्टिन उलट आतून बाहेर येते. जाणे काही मिनिटांत होते, पण ट्रान्सड्युसिनला पूर्णपणे परतायला अंधारात तासांचा अवधी लागतो.

आता गाजराविषयी. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेला आंबा यांतील बीटा-कॅरोटीनपासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवते. त्याची कमतरता असेल तर रेटिनल अपुरा पडतो, ऑप्सिने रिकामी राहतात आणि रातांधळेपणा येतो. पुरेसे मिळत असताना आणखी गाजर खाल्ल्याने मात्र नजर धारदार होत नाही, कारण रिकामी जागाच उरलेली नसते. आपल्या देशात ही कमतरता इतकी सर्रास होती, की १९७० साली बालकांना जीवनसत्त्व ‘अ’चे मोठे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करावा लागला, अंगणवाडीत नऊ महिन्यांच्या बाळाला एक लाख एककांचा आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा जो डोस चमच्याने पाजतात, तो हाच.

---

नेत्रांजन

वयाविषयीचे उत्तर मी देतो. दोन्ही कारणे आहेत. वाढत्या वयात बाहुली लहान राहते आणि नेत्रभिंग पिवळसर होते हे खरे, परंतु ते बाजूला काढले तरी दंडपेशींचे अंधाराशी जुळवून घेणे वयाबरोबर मंदावते, म्हणजे रेटिनलचा फेराच सावकाश चालू लागतो. तरीही ६३ व्या वर्षी हा बदल लक्षात येण्याइतका वाढला असेल, तर एकदा डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घ्यावा. मोतीबिंदूची सुरुवात किंवा मधुमेहाचे परिणामही असेच जाणवतात आणि ते धाग्यावरून कळत नाहीत.

आरपीई-६५ चा उल्लेख झाला म्हणून एक भर घालतो. हे विकर जन्मतःच सदोष असलेल्या मुलांना अगदी लहान वयात गंभीर दृष्टिदोष येतो. याच दोषाच्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांवर प्रयोग यशस्वी झाल्यावर, निर्दोष जनुक निरुपद्रवी विषाणूतून दृष्टिपटलाखाली पोहोचवणाऱ्या उपचाराला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांसाठी त्याची जाहीर किंमत साडेआठ लाख डॉलर होती, ही वेगळी आणि कडू गोष्ट.

---

शंकासुर

माझी दुसरी शंका मी मागे घेतो. नेदरलँड्सच्या रुग्णांनी तिचे निरसन केले. आता लाल जिलेटीनच्या कागदाविषयी विचारतो. ही खरोखर प्रथिनांची गोष्ट आहे, की आकाशदर्शनवाल्यांचा विधी?

---

मृगनक्षत्र

यात विधीचाही भाग आहे, हे कबूल करते. दंडपेशीतील रोडॉप्सिन सुमारे ४९८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते आणि गडद लाल प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नाही. शंकुपेशींच्या तीन प्रकारांपैकी जिचा कमाल प्रतिसाद ५६० नॅनोमीटरच्या आसपास आहे, तिला मात्र लाल प्रकाश दिसतो. म्हणून लाल विजेरीत शंकुपेशी नकाशा वाचतात आणि दंडपेशींचे रोडॉप्सिन खर्ची पडत नाही. परंतु विजेरी प्रखर असेल, किंवा कागद पातळ असून त्यातून पिवळा उजेड झिरपत असेल, तर उपयोग शून्य. आमच्याकडे निम्म्या लोकांच्या विजेऱ्या अशाच असतात.

---

गोदाकाठ

चर्चेत अजून एका प्रथिनाचे नाव आले नाही, ते थोडक्यात सांगतो. दृष्टिपटलातून मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या गुच्छिका पेशींपैकी अगदी थोड्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांच्यात मेलानोप्सिन हे ऑप्सिन असते. ते १९९८ साली प्रथम बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत सापडले, आणि २००२ साली सस्तन प्राण्यांच्या या पेशींचे कार्य सिद्ध झाले. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्याचा प्रतिसाद सर्वाधिक असतो, आणि दंडपेशींच्या उलट, प्रकाश पडल्यावर या पेशी अधिक चालू होतात व बराच वेळ तशाच राहतात. त्यांच्याकडून चित्र तयार होत नाही; दिवस की रात्र हे मेंदूतील घड्याळाला कळवणे आणि बाहुली आकुंचित ठेवणे ही त्यांची कामे. दंड व शंकू दोन्ही प्रकारच्या पेशी नष्ट झालेल्या काही अंध व्यक्तींचे झोपेचे चक्र तरीही सूर्याबरोबर चालते, ते यांच्यामुळे. तेव्हा शंकासुर यांची लाडकी बाहुलीदेखील शेवटी एका प्रथिनाच्याच तालावर चालते.

---

मृगनक्षत्र

परवाच्या अमावास्येला प्रयोग केला. तो प्रश्न विचारणारी मुलगी आजोबांसह पुन्हा आली होती, म्हणून वेळ नोंदवण्याचे काम तिलाच दिले. शेतघराच्या पडवीत ट्यूबलाइटखाली मी ४० मिनिटे डाव्या डोळ्यावर दुहेरी काळे कापड बांधून बसले, उजवा डोळा उघडा ठेवला. मग दिवा मालवून बाहेर मोकळ्या शेतात आले आणि कापड काढले. मंद लाल उजेडात एका मैत्रिणीने पाहिले, तेव्हा दोन्ही बाहुल्या सारख्याच दिसत होत्या.

खूण म्हणून देवयानी दीर्घिका निवडली होती. शर्मिष्ठेच्या आधाराने तिची जागा शोधून, नजर किंचित तिरकी ठेवून पाहायचे, कारण नजरेच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात. डाव्या डोळ्याला तो धूसर ठिपका मिनिटभराच्या आत सापडला. उजव्या डोळ्याला तिथे सुरुवातीला नुसते काळे आकाश होते. एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहिले की आकाशातले निम्मे तारे कुणी पुसून टाकल्यासारखे वाटे. उजव्या डोळ्याला देवयानी पहिल्यांदा जाणवली ती सतराव्या मिनिटाला, आणि दोन्ही डोळ्यांचे आकाश सारखे भासायला अर्ध्या तासाच्या वर गेले.

माझा डावा डोळा मुळातच चांगला असेल, ही शंका शंकासुर काढतील हे ठाऊक आहे. ती त्या मुलीनेही काढली. म्हणून पुढच्या अमावास्येला कापड उजव्या डोळ्यावर बांधायचे ठरले आहे, आणि दुसरी जोडी म्हणून तिच्या आजोबांचे डोळे घ्यायचे. ते ७१ वर्षांचे आहेत.